शाळेच्या बँडसाठी क्लॅरिनेट: ओळखायचं कसं, निवडायचं कसं



काटोल-नरखेडकडे आंबिया बहाराची संत्री उतरली की घरात थोडा पैसा येतो. नेमकं त्याच दिवसांत शाळाशाळांत २६ जानेवारीच्या बँडची तयारी चाललेली असते. मग एखादे पालक फाटकाशी थांबवून विचारतात, "सर, पोरगी क्लॅरिनेट मागते. कोणतं घ्यावं जी?"

ड्रमबद्दल असं कुणी विचारत नाही. ड्रम दिसतो तसाच असतो. क्लॅरिनेटचं तसं नाही. दुकानात शेजारी शेजारी ठेवलेली दोन काळी, चकचकीत चाव्यांची क्लॅरिनेटं जुळ्या भावांसारखी दिसतात, पण एकाचा सूर वेगळा असतो, दुसऱ्यावर बोटं ठेवायची पद्धत वेगळी असते, आणि एखाद्यातून हवा गळत असते. हे घरी आणल्यावर कळतं, किंवा कळतच नाही. मूल सहा महिने फुंकत राहतं, खालचे सूर निघत नाहीत, आणि शेवटी घरचे म्हणतात, "ह्याचा दमच पुरत नाही." मुलालाही ते खरं वाटतं आणि ते बँड सोडतं. माझा अनुभव असा की अशा मुलांपैकी बऱ्याच जणांच्या फुप्फुसात काही दोष नसतो. गळकं वाद्य त्यांचा श्वास खात असतं. म्हणून मुलाची परीक्षा घेण्याआधी वाद्याची घ्यावी. ती घ्यायला संगीत विशारद असावं लागत नाही. प्रार्थनेची पेटी, शिवणकामाची टेप आणि पतंगाच्या कागदाचा एक तुकडा एवढं पुरतं.

पेटी घेऊन सूर ओळखा

क्लॅरिनेट एकाच मापाचं नसतं. आपल्याकडे जास्त करून बी फ्लॅट आणि ई फ्लॅट ही दोन दिसतात. क्वचित सी आणि ए. ही नावं ऐकून घाबरायचं कारण नाही, पेटीवर ती आपल्या ओळखीचीच आहेत.

एखाद्या वाजवणाऱ्या मुलाला किंवा बँडवाल्याला क्लॅरिनेट धरायला सांगा. डाव्या हाताचा अंगठा मागच्या भोकावर, आणि डाव्याच हाताची तर्जनी, मधलं बोट व अनामिका समोरच्या वरच्या तीन भोकांवर. उजव्या हातानं फक्त वाद्य सांभाळायचं. आता फुंकायला सांगा. या सुराला क्लॅरिनेटवाले 'सी' म्हणतात. हाच सूर पेटीवर शोधा. तो काळी पाचशी जुळला तर ते बी फ्लॅट क्लॅरिनेट. काळी दोनशी जुळला तर ई फ्लॅट. पांढरी एकशी जुळला तर सी, आणि पांढरी सहाशी जुळला तर ए. पेटी नसेल तर मोबाइलवरचं ट्यूनर अ‍ॅपही चालतं.

फुंकणारं कुणी नसेल तर टेप लावा. माउथपीस धरून पूर्ण जोडलेलं बी फ्लॅट साधारण ६६-६७ सेंटिमीटर भरतं, ई फ्लॅट ४९ च्या आसपास, सी ५७-५८ आणि ए ७१ च्या आसपास. काचेतून बघताना हा फरक डोळ्यात येत नाही, टेपनं लगेच कळतो.

शिकणाऱ्या मुलानं बी फ्लॅटच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. बहुतेक सगळी शिकवणीची पुस्तकं, बोटांचे तक्ते आणि व्हिडिओ त्याच्यासाठी असतात. बँडमधला नेहमीचा ट्रम्पेटही बी फ्लॅटचाच असतो, त्यामुळे दोघांना एकच नोटेशन देता येतं. पण दुकानात काय होतं की लहान मूल बघून विक्रेता ई फ्लॅट पुढे करतो, "हे लहान मुलांचं आहे" म्हणून. ते लहान आहे हे खरं, लहान मुलांसाठी आहे हे खोटं. वरातीत ई फ्लॅट लोकप्रिय आहे, कारण त्याचा तीक्ष्ण आवाज ढोल-ताशातून आणि रस्त्याच्या गोंगाटातून वर निघतो. हीच तीक्ष्णता शिकणाऱ्याला जड जाते. माउथपीस छोटा, ओठ जास्त आवळावे लागतात, आणि सूर जरा हलला की सगळ्या मैदानाला ऐकू जातं. शिवाय दोन मुलांना एकच नोटेशन दिलं आणि एकाकडे बी फ्लॅट, दुसऱ्याकडे ई फ्लॅट असलं, तर पहिला सा वाजवतो तेव्हा दुसऱ्याचा मध्यम निघतो. शिक्षक मुलांवर ओरडतात, आणि मुलं तर बरोबरच वाजवत असतात. तीन-चार वर्षं बी फ्लॅट वाजवलेल्या मुलाच्या हातात पुढे एखादं ई फ्लॅट द्यायला हरकत नाही.

जुन्या वाद्यावरची दोन अक्षरं

आता एक अशी गोष्ट, जी दुकानदारही सांगत नाहीत. शाळेला देणगीत मिळालेलं किंवा कुणाच्या आजोबांच्या पेटीतून निघालेलं जुनं विलायती क्लॅरिनेट असेल, तर त्याच्या अंगावरचा शिक्का भिंगानं वाचा. 'एच.पी.' अशी इंग्रजी अक्षरं असतील तर ते हाय पिचचं वाद्य आहे. 'एल.पी.' म्हणजे लो पिच, म्हणजे आजच्या सुराजवळचं.

ब्रिटिश लष्करी बँड १९२० च्या दशकाच्या अखेरपर्यंत उंच सुरावर वाजत. आज जगभर मधला 'ए' ४४० कंपनांचा धरतात, त्यांचा साधारण ४५२ चा असे. हा फरक पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्मा आहे. म्हणजे वर सांगितलेली चाचणी केली की सूर काळी पाचलाही बसत नाही आणि पांढरी सातलाही नाही, अधेमधे लोंबकळतो. टेपनं मोजलं तर असं बी फ्लॅट दीड-दोन सेंटिमीटरनं आखूड भरतं. काही जण म्हणतात, बॅरल थोडा बाहेर ओढा, सूर उतरेल. उतरतो, पण सगळे सूर सारखे उतरत नाहीत. बॅरलजवळच्या भोकांचे जास्त उतरतात, लांबच्या भोकांचे कमी. मग सप्तकच वाकडं होतं. हाय पिचचं वाद्य कितीही देखणं असलं तरी ते कपाटात शोभेला ठेवावं, मुलाला देऊ नये.

नावावरूनही थोडा अंदाज बांधता येतो. 'हॉक्स अँड सन' किंवा नुसतं 'बूझी अँड कंपनी' असेल तर वाद्य साधारण १९३० च्या आधीचं समजा, कारण त्या वर्षी या दोन लंडनच्या कंपन्या एक होऊन 'बूझी अँड हॉक्स' झाली. अशा वाद्यावर सूर तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. 'बूझी अँड हॉक्स'चं रीजेंट मात्र विद्यार्थ्यांसाठीच काढलेलं मॉडेल होतं. चांगल्या स्थितीत मिळालं तर वाईट नाही. आणखी एक खूण: चांगले कारखानदार वरच्या आणि खालच्या जॉइंटवर बहुधा एकच क्रमांक टाकतात. दोन जॉइंटवर दोन वेगळे क्रमांक असतील तर दोन मोडक्या वाद्यांचं एक केलेलं असण्याची शक्यता असते.

उजव्या करंगळीखाली किती चाव्या?

क्लॅरिनेटवर बोटं ठेवायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. हे वाद्य जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या योहान डेनर यांनी १७०० च्या सुमारास घडवलं, तेव्हा त्याला जेमतेम दोन चाव्या होत्या. पुढे त्या वाढत गेल्या. १८३९ ते १८४३ या काळात पॅरिसचे क्लोझे आणि वाद्य घडवणारे ब्युफे यांनी, बोहम यांच्या बासरीतली कड्यांची युक्ती घेऊन, आजची रचना केली. तिला बोहम पद्धत म्हणतात: सतरा चाव्या, सहा कडी. दुसरी तिच्याहून साधी, तेरा चाव्यांच्या आसपासची. तिला ब्रुसेल्सच्या अल्बर्ट यांच्या नावानं ओळखतात. आपल्याकडच्या बँडपार्ट्यांत ही अल्बर्ट पद्धत खूप रुजली, आणि मेरठला बनणाऱ्या वाद्यांतही ती दिसते.

ओळखायला सोपं आहे. खालच्या जॉइंटवर उजव्या करंगळीच्या जागी चार चाव्यांचा झुपका असेल तर बोहम. तिथं दोनच चाव्या असतील, त्यातही मधे छोटा फिरता रूळ असेल, तर अल्बर्ट.

अल्बर्ट वाईट असं मुळीच नाही. त्यावर वाजवणारे उस्ताद आपण वरातीत ऐकतोच. पण मुलगी पुस्तकातून किंवा व्हिडिओवरून शिकणार असेल, तर तिथला तक्ता बोहमचा असतो आणि तिच्या हातात अल्बर्ट. निम्मे सूर जुळतात, निम्मे जुळत नाहीत, आणि का जुळत नाहीत हे सांगायला कुणी नसतं. म्हणून नियम साधा ठेवावा: शिकवणारा ज्या पद्धतीचा, वाद्य त्या पद्धतीचं. गावातले बँडवाले काका शिकवणार असतील आणि त्यांची बोटं अल्बर्टवर बसलेली असतील, तर त्यांना आधी विचारा. बाकी सगळ्यांसाठी बोहम.

लाकूड नको, निदान आपल्याकडे तरी

चांगलं क्लॅरिनेट आफ्रिकेतल्या ब्लॅकवुड नावाच्या जड काळ्या लाकडाचं असतं, हे खरं आहे. वाद्यवृंदातले मोठे वादक तेच वापरतात. त्यामुळे पालकांना वाटतं, थोडे पैसे गेले तरी पोरासाठी लाकडाचं घेऊ. मी नको म्हणतो, आणि त्याचं कारण आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, हवेत ओलावा नाही. घरात कूलरची दमट हवा, दाराबाहेर भट्टी. आणि जून संपता संपता सगळं चिंब. लाकूड आतून श्वासाच्या वाफेनं फुगतं आणि बाहेरून वाळतं. या ओढाताणीत वरच्या जॉइंटला, बाजूच्या चाव्यांच्या भोकांजवळ, केसासारखी चीर जाते. नव्या लाकडी वाद्याला तर पहिले काही आठवडे रोज पंधरा-वीस मिनिटंच वाजवून सवय लावावी लागते. शाळेतल्या मुलाकडून आणि पत्र्याच्या खोलीतल्या कपाटाकडून ही अपेक्षा करू नये.

त्यापेक्षा एबीएस प्लास्टिक किंवा एबोनाइट घ्यावं. यामाहाची विद्यार्थ्यांसाठीची वायसीएल २५० आणि २५५ ही मॉडेलं एबीएसची आहेत, फ्रान्सच्या ब्युफेचं बी १२ सुद्धा. नव्यांची किंमत आपल्याकडच्या साध्या वाद्याच्या कितीतरी पट पडते. म्हणून दोन-तीन पालकांनी किंवा शाळेनं मिळून वापरलेलं एखादं घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. मेरठची जली कोठी ही देशातली बँडवाद्यांची जुनी पेठ. तिथल्या नादिर अली कंपनीची सुरुवात १८८५ ची. भारतीय वाद्य घ्यायला कमीपणा मानू नये, पण प्रत्येक नग हातात घेऊन तपासावा. एकाच खोक्यातल्या दोन वाद्यांत फरक असतो.

कशाचं बनलंय ते ओळखायचं असेल तर उजेडाकडे धरून नळीच्या आत बघा. लाकडाच्या बारीक रेषा आत दिसतात. बाहेरून काळा रंग दिलेलं साधं लाकूडही आतल्या तपकिरी छटेमुळे पकडता येतं. एबोनाइट अंगठ्यानं जोरात घासून गरम करा आणि वास घ्या, रबर-गंधकाचा वास येतो. ते बरीच वर्षं उन्हात राहिलं असेल तर काळ्याचं हिरवट-तपकिरी होतं. आवाजाला त्यानं फारसं काही होत नाही, पण वाद्य कसं सांभाळलं गेलं हे कळतं. प्लास्टिकला वास नसतो आणि कधी कधी साच्याची पुसट रेघ दिसते.

गळती तपासा, हेच सगळ्यात महत्त्वाचं

क्लॅरिनेटच्या प्रत्येक चावीखाली एक मऊ पॅड असतं. ते भोकावर घट्ट बसलं नाही की हवा निसटते. वरचे सूर तरी निघतात. खाली जावं तसतशी जास्त भोकं बंद करावी लागतात आणि प्रत्येक गळतीची बेरीज होते. म्हणून "वरचं येतं, खालचं येत नाही" ही तक्रार ऐकली की आधी वाद्याकडे बघायचं.

वरचा जॉइंट सुटा करा, तोंड लावायचं टोक पुसून घ्या. चारही भोकं बोटांनी बंद करा, खालचं टोक तळहातानं दाबा आणि वरून हवा ओढून घ्या. जीभ चिकटल्यासारखी निर्वात पोकळी तीन-चार सेकंद टिकली तर ठीक. लगेच सुटली तर गळती आहे. कुठली चावी गळते ते शोधायला पतंगाच्या कागदाची बोटभर पट्टी पॅडखाली ठेवा, चावी बसू द्या आणि पट्टी हळूच ओढा. थोडी अडली पाहिजे. सुळकन निघाली तर ते पॅड गेलंय. पॅडच्या चारी बाजूंनी हे करून बघा, कारण पॅड बहुधा एकाच कडेनं उचललेलं असतं.

पॅड बदलणं हा किरकोळ खर्च आहे, त्यासाठी वाद्य नाकारू नये. चाव्यांचा धातू मात्र बघावा. चांगल्या चाव्या निकेल सिल्व्हरच्या असतात. हलक्या ओतीव चाव्या वाकतात, आणि सरळ करायला गेलं की मोडतात. लांब चावी हलकेच दाबून सोडा. ती चटकन जागेवर आली पाहिजे आणि डावी-उजवीकडे खुळखुळता कामा नये. पावसाळ्यात चाव्यांच्या सुईसारख्या स्प्रिंगा गंजतात, त्याही नजरेखालून घाला.

एक खात्री अजून. तेच वाद्य एखाद्या जाणत्या माणसाला वाजवायला द्या. त्यालाही खालचे सूर जड जात असतील तर दोष वाद्याचा. त्याच्याकडून सहज निघाले तर मुलाची बोटं भोकं पूर्ण झाकत नाहीत, असं समजायचं.

मुलाची बोटं आणि दात

बोटांची परीक्षाही सोपी आहे. मुलाला भोकांवर बोटं दहा सेकंद घट्ट दाबून ठेवायला सांगा आणि मग बोटांची पेरं बघा. पूर्ण गोल ठसे उमटले पाहिजेत. उजव्या अनामिकेवर अर्धाच गोल दिसला तर एक वर्ष थांबा. दुधाचे पुढचे दात पडून पक्के आलेले असावेत, कारण वरचे दात माउथपीसवर टेकतात. साधारण पाचवी-सहावीचं वय योग्य. वाद्याचं वजन पाऊण किलोच्या आसपास आणि ते सगळं उजव्या अंगठ्यावर येतं, म्हणून सुरुवातीला गळ्यात पट्टा द्यावा. लहान मुलांना तोवर रेकॉर्डर द्या. क्लॅरिनेटच्या वरच्या सुरांची बोटं त्याच्याशी बरीच मिळतात.

बासरी वाजवणाऱ्या मुलांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. बासरीत जोरानं फुंकलं की वरच्या सप्तकातला तोच सूर येतो. क्लॅरिनेटवर सा वाजवताना अंगठ्याजवळची मागची चावी उघडली, तर तार षड्ज येत नाही, तार पंचम येतो. एका टोकानं बंद असलेल्या सरळ नळीचा तो गुणच आहे. हे माहीत नसलं की मुलांना वाटतं आपलं चुकतंय.

रीड दोन नंबरची, फार तर अडीचची. जास्त नंबरची रीड म्हणजे जास्त चांगली, असं नसतं. ती फक्त जास्त कडक असते. तीन रीड आलटून पालटून वापराव्या, वाजवून झाल्यावर पुसून सपाट ठेवाव्या. आणि शाळेचं वाद्य चार मुलांत फिरत असलं तरी रीड आणि जमल्यास माउथपीस प्रत्येकाचा वेगळा हवा. हे तोंडात घालायचं असतं, यावर काटकसर नको.

"हे तर वरातीतलं वाद्य"

असं म्हणणारे पालकही भेटतात. त्यांना सांगावं की मोझार्टनं १७९१ मध्ये, आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, याच वाद्यासाठी कॉन्चेर्टो लिहिली. मास्टर इब्राहिम यांनी क्लॅरिनेटवर वाजवलेल्या सिनेगीतांच्या तबकड्या घरोघर ऐकल्या गेल्या. आपल्या लष्कराच्या बँडवाल्यांचं शिक्षण इथून जवळच पचमढीला होतं, आणि त्या बँडमध्ये क्लॅरिनेटची अख्खी रांग असते. राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धेत मुलामुलींच्या ब्रास बँडसाठी वेगवेगळे गट असतात. आणि वरातीतलं असलं तरी त्यात लाजण्यासारखं काय आहे? भर उन्हात चालत चालत तीन-तीन तास सुरात वाजवणं ज्याला जमतं, त्याच्याइतकी या वाद्याची नस गावात कुणाला ठाऊक नसते.

म्हणून वाद्य घेताना गावातल्या एखाद्या क्लॅरिनेटवाल्याला सोबत न्या, आणि त्याच्या दिवसाची मजुरी त्याला द्या. फुकट सल्ला मागू नये. लग्नाची दाट तिथ नसलेला दिवस बघावा. पॅड बदलणं, कॉर्क लावणं, स्प्रिंगा बसवणं ही शाळेच्या वाद्यांची कामं मात्र आषाढ ते दिवाळीच्या मधे उरकून घ्यावीत. तेव्हा लग्नं नसतात, त्यांच्या हाताला काम नसतं, आणि तुळशीचं लग्न लागलं की त्यांना पुन्हा सवड मिळत नाही.